फ्रूमकाठची खानेसुमारी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या डॉर्सेट परगण्यात, एव्हरशॉट या खेड्याजवळच्या टेकड्यांत उगम पावून, डॉर्चेस्टर शहराच्या कडेने निघून, गाईगुरांनी भरलेल्या हिरव्या कुरणांतून संथ वळणे घेत वेअरहॅम गावाखाली पूल बंदराच्या खाडीस मिळणारी फ्रूम ही नदी लांबीने ५० किलोमीटरांच्या आतबाहेरच आहे. आपल्याकडील एखाद्या तालुक्यात उगवून शेजारच्या तालुक्यात संपणाऱ्या नदीएवढाच तिचा पसारा. थॉमस हार्डीच्या कादंबऱ्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना तिचे खोरे दुधदुभत्याचा मुलूख म्हणून ठाऊक असते. परंतु या लहानशा नदीला आणखी एक मान आहे आणि तो तिच्या दप्तराने तिला मिळवून दिला आहे. या नदीतील सॅल्मन माशांच्या पोरांची खानेसुमारी दर वर्षी सप्टेंबर महिन्यात होते, आणि तीत सुमारे १०,००० पोरांची, एकेकाची स्वतंत्र क्रमांक देऊन, इसमवार नोंद केली जाते. माणसांची शिरगणती सरकार दहा वर्षांतून एकदा करते. फ्रूमच्या या रहिवाशांची मात्र दर वर्षी करावी लागते, कारण जे पोर यंदाच्या सप्टेंबरात गाठले नाही ते पुढच्या सप्टेंबरात तेथे बहुधा सापडत नाही. तोवर ते एक तर मेलेले असते, नाही तर उत्तर अटलांटिक महासागरात दूर कोठे तरी पोहोचलेले असते.

सॅल्मन म्हटले की मुंबई-कोकणातील वाचकाच्या डोळ्यांपुढे रावस उभा राहण्याचा संभव आहे, कारण खाणावळींच्या इंग्रजी पत्रकांत रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणण्याची वहिवाट पडली आहे. रावस चवीने थोर खरा. पण त्याचे आणि सॅल्मनचे कूळ एक नव्हे. रावस हा खाड्यांचा आणि उथळ समुद्राचा मासा. अटलांटिक सॅल्मन जन्मतो गोड्या पाण्यात, वाढतो खाऱ्या पाण्यात आणि प्रजोत्पादनासाठी पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत चढतो. समुद्रातून नदी चढण्याच्या बाबतीत त्याचा समानधर्मी शोधायचा तर तो आपल्याकडचा हिलसा होय, जो पावसाळ्यात नर्मदेच्या आणि गंगेच्या मुखांतून आत शिरतो. आणि १९७५ साली फराक्क्याचा बंधारा सुरू झाल्यावर, पूर्वी अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जाणाऱ्या त्या माशाची वाट कशी खुंटली हे गंगाकाठचे कोळी अद्याप विसरलेले नाहीत.

सॅल्मनची मादी डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात नदीच्या तळाशी, गोटे आणि खडे असलेल्या जागी, अंगावर कलंडून शेपटीच्या फटकाऱ्यांनी खळगा उकरते, त्यात काही हजार अंडी घालते आणि नराने ती फळविली की वरच्या अंगाचे खडे उकरून त्यांवर लोटते. त्या खड्यांच्या फटींतून खेळणाऱ्या पाण्यावर अंड्यांचे प्राण अवलंबून असतात. फटी गाळाने बुजल्या तर आतल्या आत सर्व गुदमरते. वसंताच्या आरंभी नखाएवढी पोरे खड्यांतून वर येतात, प्रवाहातील अळ्या-किडे टिपत उन्हाळा काढतात, आणि सप्टेंबरात पाहावे तर ती बोटाएवढी झालेली असतात. आपल्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या परिभाषेत मत्स्यजिरे, मत्स्यबीज आणि बोटुकली अशा माशाच्या बाल्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या जातात. यांपैकी बोटुकली हा शब्द या अवस्थेला इतका चपखल बसतो की इंग्रजीतील ‘पार’ या नावाऐवजी मी येथे तोच वापरणार आहे. सॅल्मनच्या बोटुकलीचे रूप पाहण्यासारखे असते. तिच्या दोन्ही कुशींवर आठ ते अकरा निळसर-करडे ठसे असतात, जणू कोणी शाईत बुडविलेले बोट ओळीने टेकवीत गेले आहे, आणि दोन ठशांच्या मध्ये कुंकवाच्या कणासारखा एकेक तांबडा ठिपका.

ही बोटुकली सॅल्मनचेच पोर आहे, हे आज शाळकरी मुलालाही सांगता येते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मोठमोठे निसर्गशास्त्रज्ञ तिला वेगळ्याच जातीचा लहान मासा समजत होते. तो वाद मिटविणारा गृहस्थ कोणत्याही विद्यापीठाचा पंडित नव्हता. जॉन शॉ नावाचा तो स्कॉटलंडातील बक्लू सरदाराच्या ड्रमलॅनरिग येथील जहागिरीतला शिकारी रानांचा राखणदार होता. निथ नदीतल्या बोटुकल्या धरून त्याने १८३३ साली डबक्यांत सोडल्या आणि त्यांवर नजर ठेवली. त्यांचे ठसे पुसले जाऊन अंगावर चांदी चढली, तेव्हा त्या ज्याला लोक निःशंकपणे सॅल्मनचे पोर म्हणत तसल्याच दिसू लागल्या. पुढे त्याने सॅल्मनची अंडी स्वतः फळवून त्यांतून बोटुकल्या निपजविल्या. इतकेच नव्हे तर समुद्राचे तोंडही न पाहिलेला बोटभर नर मोठ्या मादीची अंडी फळवू शकतो हेही त्याने सिद्ध केले. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्याला कीथ पारितोषिक देऊन त्याचा गौरव केला. त्याच्याही पूर्वी, १६५३ साली प्रसिद्ध झालेल्या आयझॅक वॉल्टनच्या मासेमारीवरील ग्रंथात असा उल्लेख सापडतो, की समुद्राकडे निघालेल्या सॅल्मनच्या पोरांच्या शेपटीला फीत किंवा दोरा बांधून सोडले असता तेच मासे खुणेसकट त्याच जागी परतलेले आढळले. त्या फितीपासून आजच्या फ्रूमच्या दप्तरापर्यंत पद्धत एकच आहे: पोर लहान असताना त्याच्या अंगावर खूण करावी, आणि मग वाट पाहावी.

इंग्लंडात सॅल्मनच्या कितीतरी मोठ्या नद्या असताना ही मोजदाद फ्रूमवरच एवढी फळाला का आली, याचे उत्तर त्या मुलखाच्या भूगर्भात आहे. तेथील टेकड्या खडूच्या आहेत. ज्या खडूने पूर्वी फळ्यावर लिहीत त्याच जातीच्या मऊ, सच्छिद्र चुनखडीच्या. पावसाचे पाणी त्यांच्या पृष्ठावरून लोंढ्याने वाहून जात नाही; ते आत मुरते, खडकात महिनोन्‌महिने साठून राहते आणि झऱ्यांच्या रूपाने हळूहळू बाहेर पडते. त्यामुळे झऱ्याचे पाणी वर्षभर साधारण १० ते ११ अंश सेल्सियस इतके सम राहते, निर्मळ असते, आणि हिवाळ्यात सभोवतीची हवा गोठत असताना नदीतील जीवसृष्टीला ऊब देते. अशा पाण्यात बोटुकली इतक्या झपाट्याने वाढते की बहुतेक सर्व पोरे एका वर्षाची होताच समुद्राकडे निघतात. नॉर्वेच्या उत्तर भागातील बर्फाळ नद्यांत ह्याच मजलेला चार-पाच वर्षेही लागतात, आणि तेथे एका वेळी नदीत चार-पाच पिढ्यांची सरमिसळ असते. फ्रूममध्ये एका पिढीचे खाते एका वर्षात उघडते आणि मिटते. हिशेबनिसाला याहून सोयीची नदी मिळणार नाही.

नदीकाठी ईस्ट स्टोक नावाच्या जागी, समुद्रापासून फार दूर नाही अशा बेताने, एक प्रयोगशाळा आहे. फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशन या संस्थेने ती विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात उभारली. वर चढणाऱ्या प्रौढ सॅल्मनांची यंत्राने मोजणी तेथे १९७३ पासून सुरू आहे. आणि २००९ पासून सॅल्मनचे हे काम गेम अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्ट ही संस्था चालविते. बोटुकल्यांच्या अंगात क्रमांकाचा टॅग घालण्याचा उपक्रम या शतकाच्या आरंभी सुरू झाला आणि २००५ पासून दर साली सुमारे १०,००० हा शिरस्ता पडला. सॅल्मनच्या जोडीने ट्राउट माशांची काही हजार पोरेही त्याच हंगामात टॅग केली जातात.

सप्टेंबरच का, हा प्रश्न कोणी विचारील. याला तीन कारणे आहेत आणि तिन्ही साधी आहेत. बोटुकली आता टॅग सोसण्याएवढी मोठी झालेली असते. नदीचे पाणी उतरलेले आणि स्वच्छ असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक पोर अजून आपल्या घरी असते. बोटुकली ही मोठी हक्कदार जात आहे. प्रवाहातील एखाद्या गोट्यामागची वीतभर जागा ती आपली म्हणून धरते आणि तेथे दुसऱ्या पोराला थारा देत नाही. माणसांच्या खानेसुमारीत ज्याप्रमाणे ठराविक रात्री जो जेथे असेल तेथे त्याची नोंद करीत, त्याचप्रमाणे सप्टेंबरात बोटुकली जेथे सापडेल तो तिचा मुक्कामाचा पत्ता म्हणून लिहिला जातो. महिनाभराने, पाने गळू लागली की हा बंदोबस्त मोडतो.

या कामाची एक सकाळ आपण मनाने पाहू. कुरणावर धुके आहे, गाई कुंपणाशी येऊन कुतूहलाने पाहत आहेत, आणि छातीपर्यंत रबरी पोशाख चढवलेली माणसांची तुकडी गुडघा-मांडीभर पाण्यात उतरून प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने चालू लागते. विरुद्ध दिशेनेच चालावयाचे, कारण पायांनी ढवळलेला गाळ मग मागे वाहून जातो आणि पुढचे पाणी नितळ राहते. शिवाय मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा त्याच्या पाठीमागून जाता येते. तुकडीच्या मधोमध चालणाऱ्याच्या हाती लांब दांडीला बसविलेले धातूचे कडे असते. ते विजेचे धन टोक. ऋण टोकाची तार मागे पाण्यातून ओढली जाते. वीज निर्माण करणारे यंत्र एका लहान होडीत ठेवलेले असून ती होडी दोरीने मागोमाग आणतात, आणि एका माणसाचे काम एवढेच की बटणावरचा हात आणि पुढच्या मंडळींवरचा डोळा हलू द्यावयाचा नाही. कोणाचा पाय घसरला की त्याच क्षणी वीज बंद. पाणी आणि वीज ही एकत्र आणावयाची तर शिस्त कडक हवीच.

कडे पाण्यात फिरू लागले की जे घडते ते प्रथम पाहणाराला जादूसारखे वाटते. पाण्यातील केसाळ वनस्पतींच्या लांब लांब बटांखाली, जेथे क्षणापूर्वी काहीच नव्हते, तेथून एक बोटुकली निघते आणि कड्याच्या रोखाने पोहत येते. ती आपल्या इच्छेने येत नसते. त्या विजेच्या ठोक्यांनी तिचे स्नायू असे आवळले-सोडले जातात की शरीर आपोआप धन टोकाकडे ओढले जाते. आणि अगदी जवळ आल्यावर ती निश्चेष्ट होऊन उलटते, तोच बाजूला चालणारा माणूस हातजाळीने तिला अलगद उचलून बादलीत सोडतो. ठोक्यांचा वेग आणि जोर मापात ठेवावा लागतो, नाही तर नाजूक पाठीचा कणा दुखावतो. यासाठी हे काम नवशिक्याच्या हाती एकट्याने देत नाहीत. बादलीत पडल्यावर थोड्याच वेळात बोटुकली सावरते आणि आपल्या सोबतिणींत मिसळते. कधी एखादी वाम, कधी दगडाखाली दडणारा मोठ्या डोक्याचा बुलहेड मासा वर येतो. त्याला तसेच सोडून देतात.

काठावर टेबल मांडलेले असते आणि खरे दप्तर तेथे चालते. बोटुकल्या प्रथम गुंगीच्या औषधाच्या पाण्यात ठेवतात. पहिली ओळख जातीची, कारण ट्राउटची बोटुकली सॅल्मनच्या बोटुकलीची जणू जुळी बहीण. जाणकार माणूस मात्र एका नजरेत सांगतो: ट्राउटच्या जबड्याचे हाड डोळ्याच्या मागपर्यंत पोहोचते, सॅल्मनचे डोळ्याखालीच थांबते, ट्राउटच्या पाठीमागच्या छोट्या मांसल पराची कड शेंदरी असते, सॅल्मनची करडी, सॅल्मनची शेपटी अधिक खोल दुभंगलेली, शेपटीचा सांधा बारीक आणि छातीचे पर अंगाच्या मानाने मोठे असतात, कारण तिला वेगवान पाण्यात तळाशी टेकून राहावयाचे असते. हात नेहमी ओले ठेवावयाचे. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघून जातो, आणि तो लेप म्हणजे रोगापासून त्याचे चिलखत.

समजा, या टेबलावर आता जी बोटुकली आहे ती नाकाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत ९८ मिलिमीटर भरली आणि तिचे वजन ११ ग्रॅम झाले. एक जण आकडा मोठ्याने उच्चारतो, दुसरा तो उच्चारून परत सांगतो आणि लिहितो. काही बोटुकल्यांच्या कुशीवरचे दोन-चार खवले चिमट्याने काढून पाकिटात घालतात, कारण खवल्यावर झाडाच्या खोडाप्रमाणे वाढीची वलये असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती वय सांगतात. मग पोटाच्या कडेला बारीक छेद घेऊन १२ मिलिमीटर लांबीचा, तांदळाच्या लांबट दाण्यासारखा काचेचा टॅग आत सरकवतात. त्याचे वजन ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढे. आपल्या बोटुकलीच्या वजनाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. टॅगमध्ये बॅटरी नसते. आत तांब्याच्या तारेचे सूक्ष्म वेटोळे आणि एक चिप असते. अँटेनाच्या चुंबकीय क्षेत्रात तो आला की तेथूनच शक्ती घेऊन आपला क्रमांक सांगतो, आणि क्षेत्राबाहेर गेला की पुन्हा मुका होतो. बॅटरी नसल्यामुळेच तो माशाच्या हयातीत कधी निकामी होत नाही. शेवटी तो मांसल छोटा पर छाटतात, म्हणजे पुढे कधीही, नुसत्या डोळ्यांनी, ही नोंद झालेली आहे हे कळावे. टॅग वाचणाऱ्या यंत्राखालून बोटुकली एकदा फिरविली की यंत्र टिटकारते, पडद्यावर तिचा लांबलचक क्रमांक उमटतो, आणि त्या क्षणापासून जगात त्या क्रमांकाचा दुसरा मासा नाही. गुंगी उतरेपर्यंत तिला स्वच्छ, हवा सोडलेल्या पाण्यात ठेवतात आणि मग नदीच्या ज्या टप्प्यातून उचलली होती त्याच टप्प्यात सोडतात. परक्या गोट्यामागे सोडली तर तेथल्या हक्कदारणी तिला टिकू देणार नाहीत. हेच दिवसाचे काम. असे दिवसामागून दिवस, आठवड्यांमागून आठवडे, वरच्या उपनद्यांपासून खालच्या कुरणांपर्यंत, दहा हजारांचा आकडा भरेतो.

नोव्हेंबरच्या सुमारास या पोरांपैकी कित्येक खाली सरकू लागतात. टॅगचा क्रमांक टिपणाऱ्या फ्रूमवरील अँटेनांनी ही गोष्ट निर्विवादपणे उघडकीस आणली, आणि प्रथम ती कोड्यासारखी वाटली, कारण या शरद ऋतूतल्या प्रवाशांचे शरीर खारे पाणी सोसण्यास अजून तयार झालेले नसते. त्यांचा हिवाळा नदीच्या शेवटच्या टप्प्यात जातो. वसंतात केवळ समुद्राकडे जाणारे पोर मोजले तर ह्यांची गणना चुकते, ही जाणीव टॅग नसते तर झालीच नसती.

मार्चच्या अखेरीपासून खरे स्थित्यंतर होते. दिवस मोठा होतो, पाणी कोमट होते, आणि बोटुकलीच्या अंगात अशी उलथापालथ सुरू होते की तिला आता दुसरे नाव द्यावे लागते. या अवस्थेला स्मोल्ट म्हणतात. शाईचे ठसे चंदेरी थराखाली लपतात, परांच्या कडा काळ्या पडतात, अंग लांबट होते, आणि कल्ल्यांतील पेशी बदलून जे अंग आजवर पाण्यातून मीठ शोषून घेत होते ते मीठ बाहेर टाकावयास शिकते. वीतभर जागेसाठी भांडणारी ही पोरे आता थव्याने निघतात. ह्याच दिवसांत नदीचा गंध त्यांच्या स्मृतीत कोरला जातो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्थर हॅस्लर आणि वॉरन विस्बी यांनी १९५१ साली मांडलेला हा विचार पुढे प्रयोगांनी दृढ झाला. प्रवास बहुतेक रात्री होतो. पाणी १२ अंशांच्या वर तापले म्हणजे मात्र थवे दिवसाउजेडीही निघतात, आणि ही मर्यादा फ्रूमवरच्या निरीक्षणांतच स्पष्ट झाली.

ईस्ट स्टोकला जुन्या पाणगिरणीचा पाट आहे, आणि वसंतातला नाका या पाटावर बसतो. मुख्य प्रवाहात तळापासून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा उठवितात आणि त्यातून ध्वनी सोडतात. मासे त्याला बिचकून वाट बदलतात आणि पुष्कळसे पाटात शिरतात. पाटात तरंगणारा, नरसाळ्याच्या आकाराचा मोठा पिंजरा प्रवाहाच्या जोराने स्वतःभोवती सावकाश फिरत असतो आणि आत आलेल्या स्मोल्टांना इजा न करता मागच्या पेटीत नेऊन सोडतो. तुकडी आता रात्रपाळीने येते. थंडीत, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, पेटीतले मासे एकेक करून पाहावयाचे: छोटा पर शाबूत आहे की छाटलेला? छाटलेला असेल तर यंत्राखाली धरावयाचा. आणि मग सप्टेंबरातला ९८ मिलिमीटरचा तो क्रमांक पडद्यावर येतो, आणि मोजपट्टी आता १३५ दाखविते, तेव्हा मध्यरात्री अडीच वाजता थंडीने आखडलेल्या माणसालाही आपले कष्ट वसूल झाल्यासारखे वाटत असले पाहिजे.

सर्व पोरे धरल्यावाचून सर्व पोरांची संख्या कशी काढतात, हे आता सांगता येईल. समजा सप्टेंबरात १०,००० बोटुकल्यांना टॅग घातले, आणि वसंतात पिंजऱ्यात आलेल्या १,००० स्मोल्टांपैकी १०० जणांचा पर छाटलेला आढळला. म्हणजे दर दहांत एक टॅगवाला. टॅगवाली आणि बिनटॅगवाली पोरे सारख्याच प्रमाणात जगली-मेली असे धरले, तर सप्टेंबरातल्या मूळ लोकसंख्येतही दहांत एकालाच टॅग घातला गेला असला पाहिजे. अर्थात ती लोकसंख्या एक लाखाच्या सुमारास होती. डेन्मार्कच्या पेटरसन नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा त्रैराशिकाचा मार्ग माशांना लावला. यात जे गृहीत धरले आहे ते खरे ठरावे म्हणूनच ते ओले हात, तो मापातला विजेचा ठोका आणि तोच जुना गोटा. टॅग घातल्यामुळे पोरे मरू लागली तर सगळी बेरीज खोटी पडेल.

तिसरी नोंद प्रौढांची. ईस्ट स्टोकच्या बंधाऱ्यावर पाण्याखाली विजेची टोके बसविलेली आहेत. माशाचे शरीर नदीच्या गोड्या पाण्याहून वीज अधिक चांगली वाहते. त्यामुळे मासा त्यांवरून गेला की विद्युत्-रोध क्षणभर बदलतो आणि त्या बदलाच्या आकारावरून मासा वर गेला की खाली, लहान की मोठा, हे कळते. पोटात टॅग असेल तर जवळची अँटेना क्रमांकही टिपते. याप्रमाणे एका पिढीची सप्टेंबरची शिल्लक, एप्रिलची शिल्लक आणि समुद्रातून परतल्यावरची शिल्लक अशा तीन रकमा हाती येतात, आणि दोन रकमांमधली तूट कोणत्या खात्यावर टाकावयाची, नदीच्या की समुद्राच्या, हे प्रथमच प्रामाणिकपणे सांगता येते. माझ्या मते या सर्व खटाटोपाचे मर्म येथे आहे. सॅल्मन कमी झाले हे प्रत्येक गळवाल्याला दिसत होते; परंतु नदीवाले समुद्राकडे बोट दाखवीत, समुद्रावाले नदीकडे, आणि लहान पोरांची मोजदादच नव्हती तोवर दोघांनाही खोटे पाडता येत नव्हते.

फ्रूमवर परतणाऱ्या प्रौढांची संख्या १९८०च्या दशकात हजारांनी मोजली जाई; १९९०च्या सुमारास ती एकाएकी कोसळली आणि पुन्हा पूर्ववत् झाली नाही. समुद्राचा वाटा यात मोठा आहे. शंभर स्मोल्ट गेले असता पाच परतले तरी आता समाधान मानतात. पण दप्तराने नदीलाही सोडलेले नाही. २०१५चा डिसेंबर हा ब्रिटनमध्ये तोवर नोंदलेला सर्वांत उबदार डिसेंबर होता आणि महिनाभर पावसाने उसंत घेतली नाही. अंडी घालण्याच्या ऐन काळातली ती ऊब आणि ते लोंढे यांच्यामागून आलेल्या २०१६च्या हंगामात इंग्लंड-वेल्सच्या पुष्कळ नद्यांत बोटुकल्यांचा असा दुष्काळ पडला की मोजणारांना आपल्या पद्धतीचीच शंका यावी. दुसरा निष्कर्ष अधिक आशादायक आहे. परत आलेल्या क्रमांकांची जाताना घेतलेल्या मापांशी गाठ घालून पाहिली असता असे दिसले, की १६ सेंटीमीटर लांबीने समुद्रात गेलेल्या स्मोल्टाची परतण्याची शक्यता १२ सेंटीमीटरवाल्याच्या सुमारे तिप्पट असते. याचा अर्थ, समुद्राला आवर घालणे आपल्या हाती नसले तरी नदी निर्मळ, थंड आणि अन्नसंपन्न ठेवून पोरे धष्टपुष्ट करून पाठविणे हाती आहे. प्रत्येक पोराला क्रमांक नसता, नुसती सरासरी असती, तर हे उमगलेच नसते. कारण सरासरी समुद्रात जात नाही आणि परतही येत नाही.

२०२३च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ब्रिटनमधील अटलांटिक सॅल्मनची गणना संकटग्रस्त वर्गात केली. असा ठराव एका वर्षाच्या पाहणीवर होत नसतो. त्यामागे फ्रूमसारख्या, आयर्लंडच्या बरिशूलसारख्या, स्कॉटलंडच्या गर्नक ओढ्यासारख्या मोजक्या ठिकाणी तीन-चार पिढ्यांच्या माणसांनी चिकाटीने चालविलेली दप्तरे असतात. नव्या शोधाला पैसा मिळतो, त्याच मापाची त्याच जागी पन्नासावी नोंद करण्यास तो मिळविताना फार याचना करावी लागते, ही गोष्ट मला मनापासून खटकते. एका सालाची जरी नोंद बुडाली तरी त्या पिढीच्या जाण्यायेण्याचा पुरावा कोणत्याही किमतीला पुढे विकत घेता येत नाही.

आपली ९८ मिलिमीटरची बोटुकली एप्रिलच्या एका रात्री पाटातून सुटून पूलच्या खाडीत, तेथून इंग्लिश खाडीत आणि पुढे फेरो बेटांच्या नि ग्रीनलंडच्या बाजूच्या थंड, अन्नाने भरलेल्या पाण्यात गेली. तेथे कोणतीही अँटेना नाही. वर्ष-दोन वर्षे तिच्या खात्यावर काहीच चढत नाही. मग, ती त्या पाचांपैकी एक असेल तर, एखाद्या उन्हाळ्यात साठ-सत्तर सेंटीमीटरांची, चंदेरी, गंधाचा माग काढीत ती वेअरहॅमच्या पुलाखालून आत शिरते. बंधाऱ्यावर रोध बदलतो, अँटेना टिटकारते आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर, त्या वेळी तेथे कोणी जागे नसले तरी, तोच क्रमांक उमटतो. नदीत ती काही खात नाही. शरद ऋतूपर्यंत खोल पाण्यात उभी राहते, आणि डिसेंबरात एका उथळ जागी, जेथे तिला कधीकाळी ओल्या हातांनी सोडले होते त्याच्या आसपास, अंगावर कलंडून शेपटीने गोटे उकरू लागते.